पेंड गाईला, उपास कालवडीला



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावी खोडवा उसाची सभा आटोपली. मी मोटारसायकल सुरू करणार, तोच एक बाई लगबगीने पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करीत म्हणाल्या, "साहेब, जरा घराकडं येऊन जावा. आमच्यावर आळ आलाय."

आळ कसला, तर दुधात युरिया घातल्याचा! संकलन केंद्रावर त्या दिवशी दुधाची युरियाची तपासणी झाली होती. नळीत औषध टाकले की दूध पिवळसर होते. सगळ्यांचेच थोडे होते, पण यांच्या दुधाचा रंग जरा गडद आला. दूध परत पाठवले नाही. "उद्या पुन्हा बघू," एवढेच तिथला माणूस म्हणाला. पण रांगेत उभ्या असलेल्या चार जणांनी ते ऐकले आणि बाई घरी येईपर्यंत गोष्ट गावभर झाली.

"आमी दुधात पान्याचा थेंब घालत न्हाई, अन् युरिया कुटनं घालतोय? पोत्याला हात लावायचा झाला तर उसाच्या वावरातच लावतोय," सासूबाई ओसरीवरूनच कडाडल्या.

मी म्हटले, "आजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. आधी गोठा दाखवा."

गोठ्याच्या दारात पाय ठेवला आणि डोळ्यांत पाणी आले. अमोनियाचा वास इतका झोंबत होता, की युरियाचे पोते तिथेच फोडले आहे असे वाटावे. आजी म्हणाल्या, "सकाळी दार उघडलं की असंच झोंबतंय बघा. म्हनलं, मुताचा वास यायचाच की."

मला तिथेच उत्तराचा धागा सापडला. दुधातला युरिया आणि गोठ्यातला वास ही एकाच दाव्याची दोन टोके होती. आणि ते दावे बांधले होते पेंडीच्या पोत्याला.

ताणकाटा काय सांगतो

गोठ्यात चार दुभत्या संकरित गाई होत्या. वजन अंदाजे ४०० किलो आणि दूध सरासरी १२ लिटर. मालक कौतुकाने म्हणाले, "साहेब, खायला काही कमी करत नाही. हात सैल सोडून घालतो."

मी ताणकाटा मागवला आणि एका गाईला दिवसभरात जे पडते ते सगळे तोलले. मेथीघास २० किलो, उसाचे वाढे १० किलो, सुग्रास ४ किलो आणि वर शेंगपेंड दीड किलो.

आता प्रथिनांचा हिशेब मांडू. तुम्हीही वही-पेन्सिल घ्या. ओल्या मेथीघासात पाणीच फार, पण जे सुके उरते त्यात १९ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. २० किलोतून मिळाली ७६० ग्रॅम. वाढ्यात फार कमी, १० किलोतून १५० ग्रॅम. सुग्रास २० टक्क्यांचे, म्हणजे ८०० ग्रॅम. शेंगपेंड ४० टक्क्यांची धरली तर ६०० ग्रॅम. बेरीज झाली २३१० ग्रॅम.

गाईची गरज किती? ४०० किलोच्या गाईला नुसते अंग सावरायला ३२० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. त्यावर दर लिटर दुधाला ९० ग्रॅम. १२ लिटरचे झाले १०८०. एकूण १४०० ग्रॅम.

म्हणजे रोज प्रत्येक गाईच्या पोटात ९१० ग्रॅम प्रथिने जादा पडत होती. मालकांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. म्हणाले, "जादा पडली तर पडू देत की. अंगाला लागतील, दूध वाढेल."

मंडळी, आपल्या सगळ्यांची इथेच फसगत होते.

जादा प्रथिनांचे होते काय

पिठाचा, तेलाचा अंश जादा झाला तर जनावर त्याची चरबी करून अंगावर साठवते. प्रथिनांची अशी कणगी जनावराच्या अंगात नाही. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. गरजेपुरती प्रथिने दुधात, मांसात गेली, की उरलेल्यातले नत्र गाईच्या कोठीपोटात अमोनिया होऊन रक्तात उतरते. अमोनिया हे विष. म्हणून यकृत त्याचा युरिया करते आणि तो मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. या कामाला गाईची ताकद खर्च होते, म्हणजे दुधाच्या कामी यायची ती ताकद घाण उपसण्यात जाते.

रक्तात युरिया वाढला की तो दुधातही उतरतो. दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो आणि म्हणूनच अन्नसुरक्षेच्या नियमात १०० मिलिलिटर दुधाला ७० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. आजींच्या घरचे दूध त्या मर्यादेच्या आतच असावे, नाहीतर ते परत आले असते. पण रंग गडद का, याचे उत्तर दावणीतच होते. युरिया कोणी घातला नव्हता. गाईने तो स्वतः तयार केला होता आणि त्याचा कच्चा माल मालकांनी पैसे मोजून आणला होता!

रक्तात युरिया फार वाढला तर गर्भाशयातही त्याचा त्रास पोहोचतो. गाय वेळेवर माजावर येते, रेतन होते आणि तीन आठवड्यांनी पुन्हा उलटते. उलटण्याची कारणे अनेक आहेत. ती तपासायला पशुवैद्यच पाहिजे. पण ते एक कारण दावणीत नाही ना, हे आपण घरीच पाहू शकतो.

बाईंनी विचारले, "मग आमची पैशाची पेंड गेली तरी कुठं?"

९१० ग्रॅम प्रथिने म्हणजे जवळपास १४६ ग्रॅम नत्र. चार गाईंचे महिन्याला साडेसतरा किलो. युरिया खतात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ३८ किलो युरियाइतके नत्र. ४५ किलोच्या एका पोत्याला थोडेच कमी! महिन्याकाठी एवढे नत्र पेंडीच्या आणि घासाच्या रूपाने विकत घेऊन त्या गटारीत सोडत होत्या. एक किलो युरियात जेवढे नत्र असते, तेवढ्यासाठी सात किलो शेंगपेंड लागते. इतके महाग खत कुणी उसाला घालेल का?

डुकरांपासून शिकलेला धडा

या विषयाचा मोठा अभ्यास परदेशात डुकरांवर झाला, हे ऐकून आजींना हसू आले. पण ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हॉलंड, डेन्मार्क या देशांत थोड्या जमिनीवर डुकरांची फार दाटी. त्यांच्या लेंडी-मूत्राचा इतका मोठा लोंढा, की जमिनीला तो पचेना. पाण्यात नायट्रेट उतरू लागले, हवेत अमोनिया पसरू लागला. हॉलंडच्या सरकारला १९८४ साली डुक्कर-कोंबडीपालनाच्या वाढीवर कायद्याने बांध घालावा लागला. तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला, की खत निस्तरण्याऐवजी मुळात खाद्यातलेच प्रथिन कमी केले तर?

त्यांना असे दिसले, की खाद्यातली प्रथिने टक्क्याने एकने उतरवली, म्हणजे १८ ची १७ केली, तर बाहेर पडणारे नत्र आठ ते दहा टक्क्यांनी घटते. डुक्कर पाणीही कमी पिते आणि पातळ खताचा पसाराही कमी होतो. वाढ मात्र खुंटत नाही. पण याला एक अट आहे. प्रथिने हे एकच द्रव्य नसून अनेक अमिनो आम्लांची माळ असते. डुकराच्या वाढीला त्यातले लायसिन सर्वांत आधी अपुरे पडते. नुसती पेंड कापली आणि लायसिन वरून दिले नाही, तर डुक्कर हळू वाढते आणि मांसाऐवजी चरबी धरते. नेमके लायसिन मोजून दिले, की कमी प्रथिनांतही ते पूर्ण वाढते.

गाईचे पोट निराळे. तिच्या कोठीपोटातले जंतू स्वतःच प्रथिने बांधतात. आपल्याकडच्या मध्यम दुधाच्या गाईला लायसिन वेगळे मोजावे लागत नाही. पण त्या जंतूंना नत्राबरोबर पिठाची, म्हणजे मक्याच्या किंवा ज्वारीच्या भरड्याची ताकद लागते. ती नसेल तर नत्र हाताशी असूनही वाया जाते. भाकरीला पीठ नाही आणि चुलीत लाकडे मात्र घालतोय, तशी ती गत.

म्हणून धडा दोघांचाही एकच, की मोजून द्या. कमी द्या असे मी म्हणत नाही. हा फरक माझ्या मनावर फार वर्षांपूर्वी कोरला गेला आहे, तोही माझ्याच चुकीने.

माझी चूक

नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली होती. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर दुष्काळी वर्षात पेंडीचे भाव कडाडले होते. मी नुकताच एक पाठ वाचून आलो होतो. सभेत छाती पुढे काढून सांगितले, "पेंड निम्मी करा, काही बिघडत नाही." एका कुटुंबाने ते मनावर घेतले. दूध देणाऱ्या गाईची पेंड निम्मी केली. पण तिच्यावर पोट असल्यामुळे थोडीफार तरी ठेवली. कालवडीची मात्र सगळीच बंद केली. दूध न देणाऱ्याला पेंड कशाला? साहेबांनीच सांगितले होते ना!

दोन वर्षांनी त्या वस्तीवर गेलो. तीच कालवड दावणीला होती. पोट नगाऱ्यासारखे, पाठीचा कणा वर आलेला, केस राठ. वय अडीच वर्षांच्या पुढे आणि माजाचा पत्ता नाही. घरच्या माणसाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. चहा दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. मी गाईचा हिशेब सांगितला होता. कालवडीचा सांगायचा राहून गेला होता.

तेव्हापासून कुणी गोठा दाखवला, की मी दुभत्या गाईच्या आधी अंधाऱ्या कोपऱ्यात बांधलेले वासरू पाहतो.

कोपऱ्यातली कालवड

कृष्णाकाठच्या या घरीही दोन कालवडी होत्या. मागच्या भिंतीला बांधलेल्या आणि समोर नुसते वाढे. मी टेप घेतला. पुढच्या पायांमागून छातीचा घेर भरला ५० इंच आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी ४० इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर आले १५१ किलो. वय १४ महिने.

जन्मतः वासरू २८ किलोचे धरले आणि ते रोज अर्धा किलो वाढले, तर १५ महिन्यांत २५० किलोपर्यंत जाऊन रेतनाला येते. दोन वर्षांच्या आसपास वेत. हीच वाढ रोज पाव किलो झाली, तर तेवढ्या वजनाला ३० महिने लागतात आणि वेत सव्वातीन वर्षांनी. मधले सव्वा वर्ष ती फुकट खाते. या कालवडीची रोजची वाढ ३०० ग्रॅमसुद्धा भरत नव्हती.

का भरेल? दीडशे किलोच्या वाढत्या कालवडीला रोज ५०० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. वाढ्यांनी पोट तुडुंब भरले तरी २०० ग्रॅमच मिळतात. वैरणीत प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली, की कोठीपोटातले जंतूच उपाशी राहतात. वैरण नीट पचत नाही, पोट डेरेदार दिसते आणि अंग मात्र धरत नाही. त्यात वाढ्यातले ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवते, त्यामुळे हाडांनाही तोटा.

मी बाईंना म्हटले, "वहिनी, तुमच्या घरात पेंड कमी नाही. ती चुकीच्या ताटात पडते आहे."

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या येळंला खिलार गाय हुती. कडब्यावर ऱ्हायाची, वासराला पाजून तांब्याभर दूध द्यायची. पेंड कधी बघितली न्हवती तिनं. ह्या जर्सी-होस्टन आल्या अन् पेंड आली. पर किती घालायची ते कुनी सांगितलंच न्हाई."

आजी खरे बोलल्या. संकरित गाय आपल्या दारात आली, तिच्यामागून पोतीही आली. ताणकाटा मात्र आला नाही.

ताट बदलले

आम्ही चौघांनी ओसरीवर बसून नवा हिशेब केला. गाईला मेथीघास १० किलो, वाढे १० किलो, कडबा कुट्टी ३ किलो, सुग्रास साडेतीन किलो, मक्याचा भरडा १ किलो. शेंगपेंड बंद. प्रथिने झाली सुमारे १४३० ग्रॅम, गरजेपेक्षा किंचित वर. कडब्याने पोट भरले, मक्याने ताकद दिली. वर खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम.

कालवडीला अर्धा किलो शेंगपेंड, ५ किलो मेथीघास आणि बाकी कडबा व वाढे पोटभर. प्रथिने ५१५ ग्रॅम. तिलाही थोडे खनिज मिश्रण.

हा बदल एका दिवसात केला नाही. पंधरा दिवसांत थोडा थोडा केला, कारण पोटातल्या जंतूंना नव्या खाण्याची सवय लागावी लागते.

सहा आठवड्यांनी गेलो. सगळे गोडच झाले असे सांगणार नाही. चारपैकी एक गाय पहिलारू होती. तिचे दूध लिटरभर उतरले होते. चूक माझी होती. पहिल्या वेताची गाय स्वतःही वाढत असते आणि तिच्या अंगासाठी थोडे जादा लागते, हे मी हिशेबात धरले नव्हते. तिला अर्धा किलो सुग्रास परत दिले, तेव्हा आठवड्याभरात ती सावरली. बाकी तिघींचे दूध जिथल्या तिथे होते.

कालवडीचा घेर ५३ इंच, लांबी ४१ इंच. वजन १७४ किलो. सहा आठवड्यांत २३ किलोंची भर! मालक टेपाकडे आणि कालवडीकडे आळीपाळीने पाहत राहिले.

पेंडीचा हिशेब असा. आधी रोज ६ किलो लागे, आता दोन कालवडींची मिळून १ किलो. सुग्रास व मेथीघासही वाचला. उलट मका आणि कडबा वाढला. दोन्ही बाजू तुमच्या बाजारच्या भावाने मांडा आणि मग बोला.

केंद्रावरच्या नळीचा रंगही आता चारचौघांसारखा येतो, असे वहिनींनी सांगितले. "पर ज्यांनी बोलायचं ते बोलून बसले," एवढेच त्या पुढे म्हणाल्या. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आणि शेणखताचे काय?

मालकांची शंका रास्त होती. "साहेब, खाण्यातलं नत्र कमी केलं, तर खत हलकं पडणार नाही का?"

जादा नत्र शेणात फारसे जातच नाही, ते मूत्रात जाते. शेणातले नत्र खुराक थोडा बदलला तरी बरेचसे तेवढेच राहते. आणि मूत्रातला युरिया शेणाला भिडला, की शेणातल्या जंतूंमुळे काही तासांतच त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. तोच तो डोळ्यांना झोंबणारा वास. म्हणजे ते नत्र आधीही उकिरड्यावर पोहोचत नव्हते. वाऱ्यावर जात होते किंवा गटारीने ओढ्याला मिळत होते.

जे नत्र मूत्रात आहे ते मात्र धरून ठेवा. आपल्याकडे त्यासाठी पाचटासारखी फुकटची वस्तू दुसरी नाही. कोरडे पाचट बारीक करून गाईखाली चार बोटे अंथरा. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ते मूत्र पिते आणि नत्र धरते. ओले झालेले रोज उचलून खड्ड्यात शेणाबरोबर थराथराने घाला, वर माती टाका. पाचट जाळायचे आणि मूत्र गटारीत सोडायचे, ही दुहेरी नासाडी थांबवा. गोठा कोरडा राहिला, तर सडांचे आणि खुरांचे दुखणेही कमी होते. पहाटे दार उघडणाऱ्या बाईचे डोळे वाचतात, हे तर झालेच.

तुमच्यासाठी गृहपाठ

येत्या रविवारी एवढे करा. ताणकाटा घेऊन एका गाईचे दिवसाचे खाणे तोला. सुग्रासच्या पोत्यावरचा छापील मजकूर वाचा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रकारात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारात २० टक्के प्रथिने असावी लागतात. मग अंगासाठी ३२० ग्रॅम आणि लिटरला ९० ग्रॅम, असा हिशेब करा. म्हशीच्या घट्ट दुधाला लिटरमागे यापेक्षा जास्त लागते, तो हिशेब पशुवैद्याकडून करून घ्या.

कमी पडत असेल तर वाढवा. हे मी मुद्दाम सांगतो. आटपाडी, जत, माण, खटावच्या कोरड्या पट्ट्यात पुष्कळ गोठे असे आहेत, जिथे दुभत्या गाईलाही पेंड अपुरीच पडते. हा लेख वाचून त्यांनी पेंड कापू नये. तसे झाले तर माझी जुनी चूक पुन्हा होईल.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ ते २०१९ या काळात राष्ट्रीय डेअरी योजनेत गावोगावी संतुलित आहाराचे असेच हिशेब करून दिले. ज्यांच्या गावी ते काम झाले, त्यांनी जुने कागद काढून पाहावेत. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात विचारले, तरी योग्य सल्ला मिळेल.

आणि सगळ्यात शेवटी, गोठ्याच्या मागच्या भिंतीकडे जा. तिथे वाढे चघळत उभ्या असलेल्या कालवडीच्या छातीला टेप लावा. उद्याची गाय तीच आहे. पेंडीची पहिली मूठ कुणाच्या घमेल्यात पडायला हवी, ते टेपच सांगेल.